साथीच्या निर्बंधांत शालेय मैदानी हंगामाची आखणी

प्राथमिक शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात मैदानी स्पर्धांचा हंगाम हा केवळ करमणुकीचा भाग नव्हे. धावणे, उडी मारणे व फेकणे या तीन मूलभूत क्रियांतून मुलाच्या शरीराची जडणघडण होते, आणि नियम पाळून हरण्याजिंकण्याची सवयही त्यास याच मैदानावर लागते. नेहमीच्या वर्षी हा हंगाम शिडीप्रमाणे चढत जातो. प्रथम शाळेतील निवड, नंतर केंद्र, मग तालुका व अखेरीस जिल्हा अशा त्याच्या पायऱ्या असतात. या शिडीचा एक दोष मात्र २०२० पर्यंत कोणाच्या फारसा लक्षात आला नव्हता. तिची वरची पायरी निघाली की खालच्या पायऱ्यांचे प्रयोजनच नाहीसे होते. जिल्ह्याची स्पर्धा रद्द झाल्याचे कळताच तालुक्याची तयारी थांबते, तालुक्याची थांबली की केंद्राची थांबते, आणि अखेरीस शाळेचे मैदानही ओस पडते.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोरोना ही जागतिक महासाथ असल्याचे जाहीर केले व तीविषयीची आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपविली. ती साथ ओसरली असली, तरी तिने शिकविलेला धडा विसरून चालणार नाही. निर्बंध पुन्हा केव्हा व कोणत्या कारणाने येतील, हे सांगता येत नाही. म्हणून त्या काळाचा अनुभव तपासून, निर्बंधांतही चालू राहू शकेल असा मैदानी हंगाम कसा आखावा, याचे विवेचन येथे केले आहे.

१. त्या दोन वर्षांत काय घडले

मार्च २०२० च्या मध्यास राज्यातील शाळा बंद झाल्या व २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. हिंगोली येथील राज्य राखीव पोलीस दलाचे जवान मालेगाव व मुंबई येथील बंदोबस्तावरून परतल्यावर त्यांच्यापैकी अनेक जण बाधित आढळले, आणि दूरच्या शहरांतील आजार जिल्ह्याच्या दाराशी आल्याची जाणीव सर्वांस झाली. राज्य शासनाने ३ जून २०२० पासून मोकळ्या मैदानांवर पहाटे ५ ते सायंकाळी ७ या वेळेत चालणे, धावणे व सायकल चालविणे यांस परवानगी दिली. मात्र त्यात सामुदायिक खेळ वर्ज्य होते व लहान मुलांबरोबर मोठे माणूस असणे आवश्यक होते. म्हणजे शाळेचे दार बंद असतानाही धावण्याची वाट पूर्णपणे बंद नव्हती, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

पुढील घटनाक्रम असा आहे. ५ वी ते ८ वीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ पासून उघडण्यास राज्यात मुभा मिळाली. पुढे रुग्णसंख्या वाढू लागल्याने हिंगोली जिल्ह्यात १ ते ७ मार्च २०२१ या काळात संचारबंदी लागू झाली. त्यानंतर दुसरी लाट आली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागातील ५ वी ते १२ वीचे वर्ग सुरू झाले व १ डिसेंबर २०२१ रोजी १ ली ते ४ थीचे वर्ग भरू लागले. १० जानेवारी २०२२ पासून शाळा पुन्हा बंद झाल्या व २४ जानेवारीपासून स्थानिक परिस्थिती पाहून त्या उघडण्यास परवानगी मिळाली. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर, राज्यातील निर्बंध उठले.

या तारखांतून एक हिशेब निघतो. २७ जानेवारी ते २८ फेब्रुवारी २०२१ हा अवधी ३३ दिवसांचा होता. ४ ऑक्टोबर २०२१ ते ९ जानेवारी २०२२ हा अवधी १४ आठवड्यांचा होता, व दिवाळीची सुटी वगळता त्यातील सुमारे १२ आठवडे हाती राहिले. लहान वर्गांना १ डिसेंबर ते ९ जानेवारी असे अवघे ४० दिवस मिळाले. नेहमीच्या पद्धतीचा पाच-सहा महिन्यांचा हंगाम यांपैकी कोणत्याही अवधीत बसत नाही. परंतु हंगामाचे लहान तुकडे पाडले असते, तर प्रत्येक अवधीत त्यांतील काही ना काही पूर्ण झाले असते.

२. हानी कोणाची झाली

जून २०२० मध्ये १ लीत दाखल झालेल्या ग्रामीण बालकाने आपल्या वर्गात नियमितपणे पाऊल ठेवले ते डिसेंबर २०२१ मध्ये, म्हणजे २ रीचे अर्धे वर्ष संपल्यावर. धावणे, वळणे, थांबणे, एका पायावर तोल सांभाळणे या क्रिया ज्या वयात खेळता खेळता अंगवळणी पडतात, त्या वयाचे दीड वर्ष शाळेच्या मैदानाविना गेले.

मोठ्या मुलांची हानी निराळी होती. शालेय स्पर्धांतील वयोगट १४, १७ व १९ वर्षांखालील असे असतात. २०२० साली तेरा वर्षांचा असलेला विद्यार्थी २०२२ साली पंधरा वर्षांचा झाला व १४ वर्षांखालील गटातून कायमचा बाहेर पडला. परीक्षा पुढे ढकलता येते, परंतु वय पुढे ढकलता येत नाही. मुलींच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिक गंभीर ठरते. घरकाम, शेतातील मजुरी व धाकट्या भावंडांचा सांभाळ यांत गुंतलेल्या मुलीस शाळेच्या निमित्तानेच मैदान लाभते. ते निमित्त एकदा सुटले की तिला परत मैदानावर आणणे फार कठीण जाते.

म्हणून स्पर्धा न झाल्याने केवळ काही ढाली व प्रशस्तिपत्रे वाटावयाची राहिली, असे समजणे चुकीचे होईल.

३. मैदानी खेळांनाच अग्रक्रम का

हा रोग मुख्यतः श्वासावाटे बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांतून पसरतो. बंद खोलीत हे कण साचून राहतात व मोकळ्या हवेत ते विरून जातात. म्हणून मोकळ्या मैदानावर अंतर राखून केलेल्या व्यायामात धोका पुष्कळ कमी असतो. मराठी मुलुखातील आवडते खेळ या कसोटीवर तपासले असता फरक सहज दिसतो. कबड्डीत खेळाडू एकमेकांस कवटाळतात व चढाई करणारा 'कबड्डी कबड्डी' म्हणत प्रतिपक्षाच्या तोंडासमोर श्वास सोडतो. खो-खोत पाठीवर थाप द्यावी लागते. लंगडी व आट्यापाट्या हेही स्पर्शाचेच खेळ होत. धावणे व लांब उडी यांत मात्र स्पर्शाची गरज नाही. स्पर्धकाचे द्वंद्व घड्याळाशी व मोजपट्टीशी असते. निर्बंध येताच सर्व खेळ एकदम बंद करण्याऐवजी स्पर्शाचे खेळ थांबवावे व मैदानी खेळ चालू ठेवावे, ही क्रमवारी शास्त्रास धरून आहे.

मैदानी खेळांतही निवड करावी लागते. रिले शर्यतीत एकच बॅटन चौघांच्या हातून जातो. उंच उडीत सर्व मुले एकाच गादीवर पडतात. गोळाफेकीत एकच गोळा हातोहाती फिरतो, व तो मानेशी टेकवावा लागतो. निर्बंध कडक असताना हे प्रकार वगळावे, आणि सैल झाल्यावर साहित्य प्रत्येक वापरानंतर पुसून घेण्याची व्यवस्था करून ते घ्यावे. रिलेऐवजी चार धावपटूंच्या स्वतंत्र वेळांची बेरीज हा सांघिक निकाल धरता येतो.

४. चार आठवड्यांचा घटक

वर दिलेल्या तारखांतील सर्वांत लहान अवधी ३३ दिवसांचा आहे. म्हणून चार आठवड्यांचा स्वयंपूर्ण घटक हे आखणीचे माप ठरवावे. शाळा उघडताच पहिला घटक सुरू करावा. ती चालू राहिल्यास दुसरा व तिसरा घ्यावा. मध्येच बंद झाल्यास निदान पूर्ण झालेल्या घटकाचे फळ पदरी पडते. शिडीऐवजी ही मण्यांची मांडणी होय. एक मणी गळाला तरी बाकीचे हाती राहतात.

पहिला आठवडा अंग मोकळे करण्याचा असावा. दीर्घकाळ घरी बसलेल्या मुलांस एकदम वेगाने धावावयास लावल्यास मांडीचे व पोटरीचे स्नायू दुखावतात. या आठवड्यात दररोज १५ ते २० मिनिटे जलद चालणे, मधूनमधून सावकाश धावणे व अंतर राखून खेळावयाचे सोपे खेळ एवढेच असावे. धावताना मुलास पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, हे या आठवड्याचे माप होय. शेवटच्या दिवशी ५० मीटर धावण्याची पहिली चाचणी घेऊन ती नोंदवावी.

दुसऱ्या आठवड्यात सावकाश धावण्याचा काळ थोडा वाढवावा व एक दिवसाआड ३० ते ४० मीटरच्या चार-पाच धावा पाऊण वेगाने घ्याव्या. दोन धावांमध्ये श्वास पूर्ववत होईपर्यंत विश्रांती असावी. तिसऱ्या आठवड्यात कौशल्याकडे वळावे. उभ्याने सुरुवात कशी करावी, हात कसे हलवावे, अंतिम रेषेच्या पुढे पाच पावले धावून मग कसे थांबावे, लांब उडीत पाय फळीवर कसा आणावा, हे शिकवावे. चौथ्या आठवड्याच्या प्रारंभी सराव कमी करावा व अखेरीस चाचणी-स्पर्धा घ्यावी. पहिल्या व चौथ्या आठवड्यांतील वेळांमधील फरक हीच त्या घटकाची फलश्रुती होय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांस दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल आवश्यक आहे. शाळेतील अर्ध्या तासाने ही गरज पुरी होत नाही. उरलेली भर घरच्या अंगणात व गावच्या वाटेवर पडावी, यासाठी प्रत्येक मुलास दोन-तीन सोपे व्यायाम सांगून ठेवावे. साथीच्या काळात शिजविलेल्या भोजनाऐवजी कोरडा शिधा दिला जात होता, हेही येथे ध्यानात ठेवावे. उपाशीपोटी आलेल्या मुलाकडून कष्टाचा सराव घेऊ नये.

घटकांची जागा ठरविताना स्थानिक ऋतुमान पाहावे. पावसाळ्यात काळ्या मातीचे मैदान चिकट व निसरडे होते, म्हणून धावमार्गावर मुरूम टाकून दाबून घ्यावा. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी असते, दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारी कुटुंबे गाव सोडतात, आणि पुढे हळद काढणीची व शिजविण्याची घाई सुरू होते. या दिवसांत मुलांची उपस्थिती घटते. मार्चनंतर ऊन तापू लागते. तेव्हा सराव सकाळच्या पहिल्या तासातच उरकावा.

५. मैदानाची मांडणी

धावमार्गाच्या एका लेनची रुंदी १.२२ मीटर असते. निर्बंधांच्या काळात दोन व्यक्तींमध्ये सहा फूट, म्हणजे सुमारे १.८३ मीटर अंतर सांगितले होते. पाच लेन आखून १, ३ व ५ या तीनच लेन वापरल्यास दोन धावपटूंमध्ये २.४४ मीटर अंतर राहते. यासाठी केवळ ६.१० मीटर रुंदीची पट्टी लागते. शाळेजवळ एवढी सरळ व सपाट जागा सहसा मिळू शकते. ५० मीटरच्या पुढे निदान १५ मीटर मोकळी जागा थांबण्यासाठी सोडावी.

वेळेचा हिशेबही सोपा आहे. ४० विद्यार्थी तिघातिघांनी धावले तर १४ फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीस दोन मिनिटे धरल्यास २८ मिनिटांत सर्वांची चाचणी पूर्ण होते. आपली पाळी येईपर्यंत मुलांनी घोळका करू नये, म्हणून दोन-दोन मीटरवर फक्कीने वर्तुळे आखून त्यांत त्यांस उभे करावे.

ज्या शाळेस मोठे मैदान लाभले आहे, तिने २०० मीटरचा धावमार्ग आखावा. दोन्ही सरळ बाजू प्रत्येकी ४० मीटर ठेवल्यास दोन अर्धवर्तुळांसाठी १२० मीटर उरतात, व त्यांची त्रिज्या १९.१० मीटर येते. ही त्रिज्या धावपटूच्या मार्गाची आहे. फक्कीची आतली रेषा त्याहून २० सेंटिमीटर आत, म्हणजे १८.९० मीटर त्रिज्येने आखावी. चार लेन घेतल्यास मैदान सुमारे ८८ मीटर लांब व ४८ मीटर रुंद असावे लागते. खुंटी, सुतळी, मोजपट्टी व फक्की एवढ्या साहित्यावर हे काम होते. ७ वी व ८ वीच्या मुलांकडून ते करवून घेतल्यास वर्तुळाच्या परिघाचा पाठही मैदानावरच शिकविला जातो.

६०० मीटरसारख्या लांब शर्यतीत सर्वांस एकाच वेळी सोडू नये. ३० सेकंदांच्या अंतराने एकेकास सोडावे. २० धावपटूंपैकी शेवटचा साडेनऊ मिनिटांनी निघतो व सुमारे १३ मिनिटांत शर्यत आटोपते. घड्याळ एकच चालू ठेवून प्रत्येकाच्या शेवटच्या वेळेतून त्याची सुटण्याची वेळ वजा करावी. उदाहरणार्थ, सातवा धावपटू ३ मिनिटांनी सुटतो. तो ५ मिनिटे १४ सेकंदांवर पोहोचला, तर त्याची खरी वेळ २ मिनिटे १४ सेकंद होय.

६. तुकड्या, मुखपट्टी व पाणी

विद्यार्थ्यांच्या दहा-दहांच्या कायम तुकड्या कराव्या व एकीतील मुलगा दुसरीत जाऊ देऊ नये. साठ मुले एकत्र खेळली व त्यांतील एक आजारी पडला, तर उरलेल्या एकोणसाठांवर लक्ष ठेवावे लागते आणि सारा हंगाम थांबतो. कायम तुकडी असेल तर नऊच मुलांवर लक्ष ठेवावे लागते व बाकीच्या पाच तुकड्यांचे काम चालू राहते. हजेरीपटावर तुकडीचा क्रमांक दररोज लिहावा.

व्यायाम करताना मुखपट्टी बांधू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्येच स्पष्ट केले होते. घामाने पट्टी ओली होते व श्वासोच्छ्वास कठीण होतो. म्हणून थांबलेल्याने पट्टी बांधावी, धावणाऱ्याने काढावी व अंतर राखावे, असा नियम ठेवावा. शिक्षकाने शिट्टी तोंडात धरण्याऐवजी टाळी किंवा झेंडी वापरावी. पाण्याचा माठ व त्यावरील एकच पेला टाळून प्रत्येकाने घरून स्वतःची बाटली आणावी. ज्याच्या घरी ती नसेल, त्यास शाळेने द्यावी. समग्र शिक्षा योजनेत क्रीडा साहित्यासाठी प्राथमिक शाळेस वर्षास ५,००० रुपयांपर्यंत व उच्च प्राथमिक शाळेस १०,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. मोजपट्टी, स्टॉपवॉच व दोऱ्या यांची खरेदी त्यातून आधीच करून ठेवावी.

७. एकत्र न जमता स्पर्धा

केंद्रातील सर्व शाळांची मुले एका मैदानावर आणणे शक्य नसेल, तरी स्पर्धा होऊ शकते. या प्रकारास टपाली स्पर्धा म्हणता येईल. प्रत्येक शाळेने आपल्याच मैदानावर, ठरलेल्या आठवड्यात, ठरलेल्या नियमांनी चाचणी घ्यावी व निकाल केंद्रप्रमुखांकडे पाठवावे. केंद्रप्रमुखांनी ते एकत्र करून क्रमवारी लावावी.

ही कल्पना नवी नव्हे. १५ ऑगस्ट ते २ ऑक्टोबर २०२० या काळात केंद्र शासनाने फिट इंडिया फ्रीडम रन हा उपक्रम याच तत्त्वावर घेतला. ज्याने त्याने आपल्या सोयीच्या ठिकाणी व सोयीच्या वेळी धावावे आणि अंतर नोंदवावे, अशी त्याची रचना होती. २९ नोव्हेंबर २०२० रोजी दिल्लीच्या अर्धमॅरेथॉनमध्ये निवडक धावपटू बंदिस्त सुरक्षित व्यवस्थेत रस्त्यावर धावले, आणि हजारो हौशी धावपटूंनी आपापल्या गावी धावून मोबाईल अॅपवर नोंद केली. त्याच शर्यतीत बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचे अविनाश साबळे यांनी १ तास ३० सेकंद अशी वेळ देऊन राष्ट्रीय विक्रम केला. पुढे ३० जुलै २०२१ रोजी टोकियो येथे त्यांनी ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ८ मिनिटे १८.१२ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम नोंदविला. मराठवाड्यातील एका खेड्यातून निघालेल्या धावपटूने साथीच्या ऐन काळात हे साधले, ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी.

ऑलिंपिकच्या आयोजकांकडूनही एक गोष्ट घेण्यासारखी आहे. २४ मार्च २०२० रोजी स्पर्धा पुढे ढकलल्याचे जाहीर झाले व ३० मार्चलाच नव्या तारखा देण्यात आल्या. नवी तारीख मिळाली की खेळाडूस सरावाचे प्रयोजन राहते. शाळेनेही कार्यक्रम तहकूब करताना पुढील तारीख त्याच सूचनेत लिहावी.

टपाली स्पर्धेत निरनिराळ्या मैदानांची तुलना करावयाची असते, म्हणून तिचे नियम सोपे पण पक्के असावे. अंतर पोलादी मोजपट्टीने मोजावे, पावलांनी नव्हे. मार्ग उताराचा नसावा. लहान शाळेवर अन्याय होऊ नये म्हणून प्रत्येक शाळेच्या उत्तम तीन मुलांच्या व तीन मुलींच्या वेळांचीच बेरीज धरावी. याखेरीज दुसरी यादी प्रगतीची करावी. पहिल्या चाचणीत ९.६ सेकंद घेणाऱ्या मुलीने चौथ्या आठवड्यात ९.२ सेकंद घेतले, तर तिची प्रगती ०.४ सेकंद होय. वेगवान मुलाचे कौतुक पहिल्या यादीत होते व कष्टाळू मुलाचे दुसऱ्या यादीत. दोन्ही याद्या शाळेच्या फलकावर लावाव्या.

८. वेळेची व अंतराची नोंद

चुकीच्या नोंदीने टपाली स्पर्धेचा पायाच ढासळतो. हाताने घड्याळ लावताना आवाजावर अवलंबून राहू नये. ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून १०० मीटरवर उभ्या असलेल्या वेळाधिकाऱ्यास इशारा सुमारे ०.३ सेकंद उशिरा ऐकू येतो व धावपटूची वेळ तितकी कमी भरते. सुरुवात करणाऱ्याने झेंडी खाली आणावी व ती दिसताच घड्याळ सुरू करावे. हातघड्याळाची वेळ नेहमी पुढील दशांशात लिहितात. ९.२१ सेकंद ही वेळ ९.३ लिहावी. तीन घड्याळे असून दोन जुळत असतील तर ती वेळ धरावी. तिन्ही निरनिराळी असतील तर मधली, आणि दोनच घड्याळे असतील तर जास्तीची वेळ धरावी. लांब उडीचे अंतर उडीच्या रेषेपासून वाळूतील सर्वांत जवळच्या खुणेपर्यंत मोजावे व सेंटिमीटरचा अपूर्णांक सोडून द्यावा.

प्रत्येक विद्यार्थ्याचे एक नोंदपत्रक असावे. त्यावर जन्मतारीख, तुकडी, प्रत्येक चाचणीचा दिनांक, प्रकार व निकाल असावा. मूल दुसऱ्या शाळेत गेले, किंवा आईबापांबरोबर ऊसतोडीच्या गावी गेले, तरी हे पत्रक त्याच्याबरोबर जावे. स्पर्धा न झालेल्या वर्षात त्याच्या मेहनतीचा तेवढाच लेखी पुरावा असतो.

९. निर्बंधांच्या चार पायऱ्या

परिस्थिती बदलताच नवा विचार करीत बसावे लागू नये, म्हणून चार पायऱ्यांचा आराखडा वर्षारंभीच तयार असावा. पहिल्या पायरीवर शाळा बंद असते. तेव्हा शिक्षकांनी निरोपाने किंवा दूरध्वनीने आठवड्याचा व्यायाम कळवावा, व मुलांनी घरच्या मोठ्या माणसाबरोबर परवानगीच्या वेळेत तो करावा. स्मार्टफोन असलेल्या घरांपुरतीच ही योजना मर्यादित राहू नये. ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलेला कागदही तेच काम करतो. दुसऱ्या पायरीवर शाळा एक दिवसाआड किंवा अर्ध्या उपस्थितीने भरते. तेव्हा चार आठवड्यांचा घटक तुकडीवार चालवावा व टपाली स्पर्धा घ्यावी. तिसऱ्या पायरीवर पूर्ण शाळा भरते, परंतु गर्दीस बंदी असते. तेव्हा जवळच्या दोन शाळांनी प्रेक्षकांविना व भोजनाच्या कार्यक्रमाविना एकत्र धावावे. चौथ्या पायरीवर निर्बंध उठतात व केंद्र, तालुका आणि जिल्हा यांची नेहमीची शिडी पुन्हा उभी राहते. खालची पायरी नीट सांभाळलेली शाळा वरच्या पायरीवर तयार मुले घेऊन येते.

कोणत्या पायरीवर राहावयाचे, हे ठरविणे शाळेचे काम नव्हे. जिल्हा प्रशासन व आरोग्य विभाग यांच्या आदेशांप्रमाणेच चालले पाहिजे. मुख्याध्यापकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत हा आराखडा मांडून ठेवावा व आशा कार्यकर्तीस त्या सभेस आवर्जून बोलवावे. गावात कोणत्या घरी आजार आहे, याची पहिली बातमी तिलाच असते.

१०. आजारातून उठलेला विद्यार्थी

ताप गेला म्हणजे मूल धावण्यास योग्य झाले, असे समजू नये. या आजारात क्वचित हृदयाच्या स्नायूसही सूज येते व अशा स्थितीत कष्टाचा व्यायाम घातक ठरू शकतो. म्हणून आजारातून उठलेल्या विद्यार्थ्यास प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच मैदानावर घ्यावे, व त्यास पहिल्या आठवड्याच्या कामापासून सुरुवात करवावी, मग त्याची तुकडी तिसऱ्या आठवड्यात का असेना. धावताना छातीत दुखणे, धडधड होणे, भोवळ येणे किंवा नेहमीपेक्षा जास्त दम लागणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास त्यास तत्काळ थांबवून डॉक्टरांस दाखवावे. घरी मृत्यू किंवा मोठे आजारपण होऊन गेलेल्या मुलाच्या बाबतीत घाई मुळीच करू नये. काही दिवस त्याने वेळाधिकाऱ्याच्या शेजारी बसून वेळा लिहिल्या, तरी तो मैदानापासून तुटत नाही.

११. समारोप

सारांश, निर्बंधांच्या काळातील हंगाम लहान स्वयंपूर्ण घटकांचा असावा. त्यात प्रथम स्थान स्पर्शविरहित मैदानी प्रकारांस द्यावे. मुलांच्या तुकड्या कायम असाव्या, नोंदी अचूक असाव्या आणि मुले एकत्र येऊ शकत नसतील तेव्हा त्यांचे निकाल तरी एकत्र यावे. यांपैकी कोणत्याही गोष्टीस मोठा खर्च लागत नाही. मुख्याध्यापकांनी जूनमध्ये शाळेचे वार्षिक नियोजन करताना पुढील चार कामे त्यात लिहून ठेवावी: ५० मीटरची पट्टी मोजून खुंट्या ठोकणे, विद्यार्थ्यांच्या तुकड्या पाडणे, नोंदपत्रके तयार करणे व चार पायऱ्यांचा आराखडा व्यवस्थापन समितीपुढे ठेवणे. साथ आली नाही, तरी ही तयारी वाया जात नाही. अतिवृष्टीने तालुक्याची स्पर्धा लांबली, किंवा रस्ता बंद झाल्याने केंद्रास जाता आले नाही, तर त्या दिवशीही शाळेच्या मैदानावर तीन लेन आखलेल्या असतात व मुलांस धावता येते.